दस्ता एक, नळ्या अनेक

जळगावाहून भादलीच्या दिशेने निघालं की पाचेक किलोमीटरवर असोदा लागतं. गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. पहिली, बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्या इथल्या महाजनांच्या घरी जन्मल्या आणि आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने चालतं. दुसरी, भरिताची वांगी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून वांग्याचा विषय निघाला की इथला माणूस जरा ताठ बसून बोलतो. थंडीत मळ्यात पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी उलथीपालथी करायची, सोबत कळण्याची भाकरी, आणि पंगतीला चार तालुक्यांचे पाहुणे.

आमंत्रण नसताना येणारा पाहुणा मात्र एकच. रानडुक्कर.

जळगाव जिल्ह्याच्या केळीच्या पट्ट्यात हा पाहुणा गाव झोपल्यावर येतो आणि सहकुटुंब येतो. केळीचं नवं रोप तो धड खातही नाही; नुसतं उकरून ठेवतो. टिश्यू कल्चरचं असलं तरी उकरतो, त्याला किमतीची कल्पना नसते. मक्यात शिरला की पोटात जातो त्याहून जास्त मका जमिनीवर आडवा होतो. जाता जाता ठिबकच्या नळ्या चावून ठेवतो. सकाळी मालक बांधावर येतो तेव्हा शेत असं दिसतं, की जणू कुणी रात्रीत नांगरट करून मजुरी न घेता निघून गेलं. मग पंचनामा. वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक असे तीन जण एका वेळी एका बांधावर हजर होणं, हा योग पंचांगात फार क्वचित येतो.

या डुकराचा सख्खा भाऊ जर्मनीत राहतो. सख्खा म्हणजे अगदी सख्खा, शास्त्राच्या हिशेबाने एकच जात. तोही मका आडवा करतो, बटाटे उकरतो, तोही रात्रीच येतो. तिथल्या शिकाऱ्यांनी २०१९-२० या एका मोसमात सुमारे ८ लाख ८२ हजार रानडुकरं मारली. आकडा वाचून असोद्याच्या शेतकऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल. पण खरी गंमत पुढे आहे. जर्मनीत शिवाराचा शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने देतात, आणि डुकरांनी पिकाचं नुकसान केलं तर भरपाई बहुतेक वेळा त्या पट्टेदार शिकाऱ्याच्याच गळ्यात पडते. म्हणजे तिथला शिकारी हौशी कमी आणि देणेकरी जास्त. डुक्कर सुटलं की त्याचे पैसे सुटतात. असा माणूस हत्याराच्या बाबतीत चोखंदळ होणारच.

त्याच्या चोखंदळपणातून जे हत्यार पुढे आलं, ते म्हणजे नळी बदलता येणारी रायफल. दक्षिण जर्मनीतल्या ईस्नी गावच्या ब्लेझर कंपनीने १९९३ मध्ये आर-९३ नावाची अशी रायफल आणली आणि २००८ मध्ये तिची सुधारलेली बहीण, आर-८. माउझर, साउअर, मेर्केल अशा इतर जर्मन घराण्यांनीही आपापल्या आवृत्त्या काढल्या. कल्पना अशी की दस्ता एक, चाप एक, बोल्ट एक, आणि नळ्या मात्र गरजेप्रमाणे. आज हरीण, उद्या डुक्कर, परवा सांबरासारखा मोठा प्राणी. माणूस तोच, खांदा तोच, फक्त नळी वेगळी.

साध्या रायफलीची नळी कारखान्यात आटे पाडून घट्ट बसवलेली असते. ती काढायची तर शिकंजा हवा, लांब पाना हवा आणि दंडात ताकद असलेला जाणता कारागीर हवा. बसवताना काडतुसाच्या बुडाशी नेमकी किती जागा राहते तेही मोजून घ्यावं लागतं. ती जागा चुकली तर बार मागच्या बाजूने, म्हणजे शिकाऱ्याच्या डोळ्याच्या दिशेने, निघण्याची शक्यता असते. आर-८ मध्ये ही सगळी भानगड दस्त्याच्या पोटातल्या दोन नटांवर आणली आहे. टी आकाराची चावी घालायची, दोन्ही नट सैल करायचे, नळी अलगद वर उचलायची. दुसरी ठेवायची, नट आवळायचे. काडतुसाचं बूड वेगळ्या मापाचं असेल तर बोल्टचं डोकंही बदलायचं. चहा उकळायच्या आत काम संपतं.

हे जमतं कारण बोल्ट थेट नळीतच अडकतो. बोल्ट पुढे ढकलला की त्याच्या टोकाची कडी फुलते आणि नळीच्या आतल्या खाचेत जाऊन बसते. बार उडताना जो काही दाब येतो तो बोल्ट आणि नळी आपसात मिटवतात, मधल्या सांगाड्याला त्रास नाही. भांडण असं परस्पर मिटलेलं खानदेशात बघायला मिळालं तर जिल्हा न्यायालयातले वकील उपाशी मरतील. दुर्बीणही सांगाड्यावर न बसता नळीवरच बसते. त्यामुळे नळी काढून पेटीत ठेवली तरी तिचा नेम तिच्याबरोबर पेटीत जातो आणि परत लावल्यावर बहुतेक जसाच्या तसा परत येतो.

थोडक्यात, हा मिक्सर आहे. मोटर एक, जार तीन: चटणीचा छोटा, वाटणाचा मधला, ज्यूसचा मोठा. ज्याच्या घरात मिक्सर आहे त्याला या रायफलीचे फायदे समजावून सांगायची गरज नाही. तोटे तर मुळीच नाही.

फायद्यांतला पहिला फायदा सवयीचा. दस्ता गालाला कुठे लागतो, चाप किती दाबल्यावर सुटतो, खटका कुठल्या बोटाखाली येतो, हे हाताला एकदाच शिकवायचं. चार वेगवेगळ्या रायफली बाळगणाऱ्याचा हात दर वेळी नव्याने ओळख करून घेतो, आणि रानडुक्कर त्या ओळख परेडीपुरतं थांबत नाही. दुसरा फायदा जागेचा. जर्मनीत बंदुका कुलूपबंद तिजोरीतच ठेवाव्या लागतात, आणि फ्लॅटमध्ये तिजोरी ठेवायची कुठे हा वाद तिथेही नवरा-बायकोत होतोच. तिसरा प्रवासाचा: विमानाने आफ्रिकेला किंवा स्कॉटलंडला जाणाऱ्याला एका पेटीत सगळं नेता येतं.

चौथा फायदा मात्र जर्मन कायद्याने स्वतःच्या हाताने निर्माण केला आहे. तिथला शिकार कायदा गोळीची ताकद मोजतो. छोट्या रो हरणासाठी शंभर मीटरवर किमान १००० जूल पुरतात. त्याहून मोठ्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटरची गोळी आणि शंभर मीटरवर २००० जूल लागतात. म्हणजे हलकी नळी घेऊन डुकरावर बार काढला तर डुक्कर मेलं तरी नियमभंग. असा कायदा असेल तर दोन नळ्या बाळगणं हा शौक राहत नाही, कायद्याचं पालन होतं. शिकारीचा परवाना काढण्यासाठी तिथे जी परीक्षा असते तिला लोक गमतीने ‘हिरवी बारावी’ म्हणतात. प्राणिशास्त्र, वनस्पती, कुत्र्यांच्या जाती, कायदा, हत्यारं, सगळं त्यात येतं. आपल्याकडच्या बारावीचा अनुभव असलेल्या माणसाने ती द्यायला हरकत नाही. तिथे कॉपीला फारसा वाव नसतो एवढंच.

आता तोटे, म्हणजे लेखाचा खमंग भाग.

पहिला तोटा किमतीचा. एकाच रायफलीत चार रायफली म्हणून माणूस बचतीच्या भावनेने दुकानात शिरतो. बाहेर पडेपर्यंत त्याला कळतं की ब्लेझरच्या एका जादा नळीच्या पैशात सॅव्हेज किंवा हॉवा कंपनीची साधीसुधी रायफल अख्खी आली असती, दस्त्यासकट. शिवाय नळी म्हणजे निम्मं प्रकरण. तिच्यावर दुर्बीण हवी. चांगली जर्मन दुर्बीण किमतीत रायफलीच्या पंक्तीला बसते. एकच दुर्बीण या नळीवरून त्या नळीवर फिरवायची तर प्रत्येक वेळी नेम तपासायला चार गोळ्या वाया, आणि प्रत्येक नळीला वेगळी घ्यायची तर बचतीच्या नावाने चांगभलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जर्मन भाषेत असायला हवी होती.

दुसरा तोटा असा की चाप बिघडला तर चारही नळ्या एकदम विधवा. घरात चार रायफली असणाऱ्याची एक बिघडली तर तीन उरतात.

तिसरा तोटा नातेसंबंधांचा. वडिलांनी एक दस्ता आणि तीन नळ्या मागे ठेवल्या आणि मुलगे तीन असले, तर वाटणी कशी करायची? थोरल्याला दस्ता दिला तर धाकटे दोघे नुसत्या नळ्या घेऊन जंगलात काय करणार? खानदेशात एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तीन पिढ्या बोलत नाहीत. तिथे ही रायफल गेली असती तर दिवाणी दावे मुळातच दुप्पट झाले असते.

चौथा तोटा चावीचा. तीनशे किलोमीटर गाडी चालवून माणूस रानात पोचतो, पेटी उघडतो, दोन्ही नळ्या मखमलीत ऐटीत पहुडलेल्या असतात आणि ती इवलीशी टी आकाराची चावी घरी फ्रिजवर असते. कुठलंही मोठं काम छोट्या वस्तूवाचून अडतं, पण एवढं महाग काम एवढ्या छोट्या वस्तूवाचून क्वचितच अडत असेल.

पाचवा तोटा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नळ्या अनेक म्हणजे काडतुसांच्या पेट्याही अनेक, आणि खिसा एकच. काही काडतुसं दिसायला चुलतभाऊ असतात. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्याच कवचापासून केलेलं आहे. ते .२२३ च्या नळीत शिरूही शकतं. मग जाड गोळी बारीक नळीतून जाऊ बघते आणि रायफल शिकाऱ्याच्या हातात फुटते. असे प्रकार अमेरिकेत घडलेले आहेत. म्हणून जाणते लोक एका फेरीला एकच नळी आणि एकाच मापाची काडतुसं घेऊन निघतात. म्हणजे नळ्या बदलण्याची सोय विकत घ्यायची आणि शहाणपण म्हणून ती वापरायची नाही.

सहावा तोटा स्वभावाचा. हलकी नळी लावली की मोठं डुक्कर समोर येतं, जड नळी लावली की चिमुकलं हरीण. हा निसर्गनियम ब्लेझरच्या माहितीपुस्तिकेत छापलेला नाही, पण कुठल्याही शिकाऱ्याला विचारा.

एका नळीवर भागवणारेही होऊन गेले. शिकारी जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली. ती त्याने पुढे वर्षानुवर्षं वापरली. नळी एकच होती. बर्लिनच्या ओटो बॉक याने १९०५ साली ९.३×६२ हे काडतूस काढलं तेही याच विचाराने: आफ्रिकेतल्या जर्मन शेतकऱ्याला परवडेल अशी एक साधी माउझर रायफल, आणि तिच्यातून दारात येईल त्या जनावराची सोय. एका गोळीत सगळं बसवून दिलं गड्याने. शंभर वर्षांनी त्याच काडतुसासाठी लोक आता वेगळी नळी विकत घेतात, आणि बाकीच्या जनावरांसाठी आणखी तीन.

नळ्या बदलण्याची हौस अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. तिथे वॉरन सेंटर नावाच्या कारागिराने रचलेलं काँटेंडर नावाचं पिस्तूल १९६७ पासून विकलं जात होतं. त्याची नळी बदलली की बोअर बदलायचा. पुढे ते विकणाऱ्या कंपनीने एक संच काढला: पिस्तुलाला लांब नळी आणि खांद्याला टेकवायचा दस्ता लावला की पिस्तुलाची छोटी रायफल तयार. सरकारी कर खातं म्हणालं, ठीक, पण कुणी दस्ता लावला आणि नळी आखूडच ठेवली तर? आखूड नळीच्या रायफलीवर २०० डॉलर कर आहे, तेवढा भरा. कंपनी म्हणाली, तशी कुणी जोडेपर्यंत ती रायफल झालेलीच नाही. १९९२ मध्ये न्यायमूर्तींनी पाच विरुद्ध चार अशा मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नळी, दस्ता आणि पिस्तूल एका खोक्यात असले म्हणजे नेमकं काय असतं, यावर नऊ विद्वानांचं एकमत झालं नाही.

आता हाच प्रश्न खानदेशातल्या एखाद्या सरकारी कचेरीत आला तर? समजा असोद्याचे कुणी एक आबा अर्ज घेऊन खिडकीशी उभे राहिले.

“बंदुका किती?”

“एकच आहे साहेब.”

“मग या खाली तीन नोंदी कशाच्या?”

“त्या नळ्या आहेत.”

“नळी म्हणजे बंदूकच. कायद्यात लिहिलंय.”

“मंग बंदूक म्हणजे काय?”

“जिच्यात नळी असते ती.”

“अन् नळी काढून ठेवली त?”

साहेब चष्मा पुसतात. “तर उरलेला भागही बंदूकच.”

यात साहेबांची चूक काहीच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, इतकंच काय ते बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे जादा नळी ही जर्मनीत सोय असेल. इथे ती कागदावर चढवल्याशिवाय घरात ठेवली तर खटला आहे. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने बाळगायच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, हा त्यातल्या त्यात दिलासा. आणि हे सगळं जमलं तरी मुख्य अडचण शिल्लक राहतेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद केली, आणि तेव्हापासून या देशात शिकारीचा मोसम उघडलेलाच नाही. कुठल्या जनावराला कुठली नळी, हा जर्मन माणसाला रोज पडणारा प्रश्न इथे गेली तीसहून जास्त वर्षं पेपरातच येत नाही.

मात्र आपला कायदा शेतकऱ्याला विसरलेला नाही. शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीक संरक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद आहे. बंदूक कुठली, हेही तिथेच लिहिलं आहे: ठासणीची. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी साध्या नळीची, तीही किमान २० इंच लांब नळीची, मिळू शकते. जर्मन कायदा जूल मोजतो, आपला इंच मोजतो.

ठासणीच्या बंदुकीचं एक वैशिष्ट्य नव्या पिढीला सांगायला हवं. तिच्यात मागून काडतूस सरकवत नाहीत. सगळा कारभार पुढून. आधी नळीत दारू ओतायची, त्यावर चिंधी, मग गजाने ठासायचं. मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायचं. मग मागे घोड्याखाली टोपी बसवायची. हे सगळं रात्री दोन वाजता, माळ्यावर, बॅटरी दातात धरून. बार निघाला, कळप पांगला, तर दुसऱ्या बारासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोपर्यंत कळपाला परिस्थितीचा विचार करायला, परत यायला आणि मक्याची आणखी एक ओळ संपवायला भरपूर अवकाश मिळतो. ब्लेझरवाला जर्मन एवढ्या वेळात नळी बदलून, दुर्बीण लावून, वर सँडविच खाऊन मोकळा होईल.

गंमत म्हणजे याच तंत्राच्या बंदुका घेऊन खानदेशात कोणे एके काळी शिकारीचा कहर झालेला आहे. १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली. ठाणं धरणगाव, म्हणजे याच जिल्ह्यात. पुढच्या दहाएक वर्षांत त्याच्या नावावर १९१ वाघ, १५ बिबटे आणि २५ अस्वलं नोंदली गेली. भिल्लांना पलटणीत आणण्याचं काम त्याने बंदुकीपेक्षा त्यांच्याबरोबर रानात हिंडून केलं, असं चरित्रकार सांगतात. वाघांना मात्र त्या मैत्रीचा काही उपयोग झाला नाही. त्याच्या सहा वर्षं आधी, एप्रिल १८१९ मध्ये, जॉन स्मिथ हा दुसरा अधिकारी वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या डोंगरात आला होता. वाघाचं पुढे काय झालं कुणाला ठाऊक. स्मिथला लेणी सापडली. त्याने काय केलं? दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. आजही आहे. हाती बंदूक असलेल्या माणसाचं नुकसान करण्याचं सामर्थ्य फक्त नळीवर अवलंबून नसतं, हे त्या खांबासमोर उभं राहिलं की पटतं.

आजच्या शेतकऱ्याची वाट त्या मानाने सरळ, म्हणजे कागदावर सरळ. जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकाची नासधूस करणारी रानडुकरं आणि रोही यांच्याविषयी निर्णय काढला. वनखात्याची परवानगी घेऊन, परवानाधारक बंदुकीने त्यांना मारता येतं. म्हणजे परवानगी एकाची, परवाना दुसऱ्याचा, नुकसान तिसऱ्याचं. ज्याचं शेत त्याच्याकडे बंदूक नसते आणि ज्याच्याकडे बंदूक असते त्याला रात्रभर दुसऱ्याच्या मक्यात बसायची हौस नसते. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची तरी खांदा मिळायला हवा.

सगळं जुळून आलं तर निवडणूक लागते. आचारसंहिता आली की बऱ्याच परवानाधारकांच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा होतात. २०२४ मध्ये जळगावात लोकसभेचं मतदान मे महिन्यात झालं आणि विधानसभेचं नोव्हेंबरात, मका-कपाशी घरात यायच्या आणि रब्बीची पेरणी व्हायच्या दिवसांत. डुकरांनी त्या काळात कुठल्याही पक्षाचा प्रचार केल्याचं ऐकिवात नाही, पण संधीचा फायदा घेतला असणार.

आणखी एक विरोधाभास जिल्ह्याच्या नकाशावरच आहे. असोद्याहून भुसावळ गाठावं, तिथून वरणगाव. वरणगावला आयुध निर्माणी आहे. सैन्याच्या रायफलींची काडतुसं तिथे तयार होतात. म्हणजे देशाच्या सीमेवर उडणारी गोळी जळगाव जिल्ह्यातून जाते, आणि जिल्ह्यातल्या बाराबोरवाल्याला काडतूस हवं तर परवाना घेऊन दुकानात जायचं, मालकाने वहीत नोंद करायची, आणि बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असलेलं खडकीच्या कारखान्यातलं काडतूस मोजून घ्यायचं. किती घ्यायचं तोही आकडा परवान्यावर असतो. डुकरांची संख्या कुठल्याही परवान्यावर नसते.

सरळ वाट लांब पडली की आडवाट आठवते. चोपडा तालुक्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीत सातपुड्याच्या कुशीत उमर्टी गाव आहे. गावठी कट्ट्यांचं नाव निघालं की खानदेशातल्या वर्तमानपत्रांत पहिलं नाव त्याचं येतं. पोलिस छापे घालतात, कट्टे सापडतात, फोटो छापून येतात: टेबलावर ओळीने मांडलेली पिस्तुलं आणि मागे उभे गंभीर चेहरे. तिथल्या मालाला ना माहितीपुस्तिका, ना हमी. फुटला तर बोटं आपली आणि पकडला तर तुरुंगही आपलाच. डुकरासाठी असला माल घेणाऱ्याला डुक्कर शहाणं वाटायला लागतं.

तेव्हा शेतकरी काय करतो? तो नळी बदलत नाही, उपाय बदलतो. बांधाभोवती साड्या बांधतो. लग्नात आहेर म्हणून आलेल्या, पुढच्या लग्नात आहेर म्हणून द्यायच्या, आणि चार घरं फिरूनही कुणीच न नेसलेल्या त्या साड्या शेवटी दीड एकर मक्याला नेसवल्या जातात. रंग भडक असल्याने डुक्कर दोन रात्री बिचकतं. तिसऱ्या रात्री त्याला कळतं की हा आहेर आहे. मग सलूनमधून पोत्याने केस आणून बांधावर पसरतात. मग कुत्र्यांच्या भुंकण्याचं रेकॉर्डिंग स्पीकरवर रात्रभर लावतात. त्याने डुक्कर जातं की नाही माहीत नाही, शेजारचा मळेवाला मात्र नक्की भांडायला येतो. प्लॅस्टिकच्या पाइपची कार्बाइड तोफही येऊन गेली. आवाज दांडगा, पण २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच तोफेने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. ती बांधावर ठेवू नये आणि पोरांच्या हाती तर मुळीच देऊ नये. सगळ्यांत टिकलेला उपाय म्हणजे सौर झटका मशीन. तारेतून थांबून थांबून क्षणभराचा झटका येतो, डुक्कर किंचाळतं, पळतं आणि जिवंत राहतं.

नळी बदलणाऱ्या रायफलीचा निकाल म्हणूनच ठिकाण पाहून द्यावा लागतो. जळगावचा कुणी मुलगा स्टुटगार्टात नोकरीला असेल, हिरवी बारावी पास झाला असेल आणि शिवार भाड्याने घेण्याइतका पगार असेल, तर त्याने खुशाल घ्यावी. नळ्या दोनच घ्याव्यात, एक हरणाची आणि एक डुकराची. तिसरी फक्त मित्रांना दाखवायला होते. प्रत्येक नळीच्या काडतुसांची पेटी वेगळी आणि वेगळ्या रंगाची ठेवावी. चाव्या मात्र तीन घ्याव्यात.

असोद्याच्या शेतकऱ्याला ती घेता येणार नाही आणि मिळाली तरी परवडणार नाही, त्यामुळे त्याची द्विधा देवानेच मिटवली आहे. त्याने नुकसान झालं की फोटो काढून त्याच दिवशी वनखात्याकडे अर्ज टाकावा, पोच घ्यावी, आणि झटका मशीन घ्यायचंच असेल तर बिलासकट, नावाजलेल्या कंपनीचं घ्यावं. आकडा टाकून किंवा मोटरच्या पेटीतून कुंपणात सरळ लाइन मात्र कुणीही सोडू नये. त्या तारेला डुकराआधी पाणी भरायला गेलेला शेजारी चिकटतो. अशी माणसं दर वर्षी मरतात.